पेडणे-डिचोलीला येणाऱ्या पाव्हण्यांसाठी

दिवाळी आटोपली की गोव्यात राहणाऱ्या मराठी माणसाचा फोन वाजायला लागतो. पुण्याची मावसबहीण, ठाण्याचे व्याही, कुणाच्या तरी ऑफिसातले साहेब. "गोव्याला येतोय, काय काय पाहायचं ते सांग." आपण उत्साहाने सांगायला लागावं तर लक्षात येतं की त्यांचं सगळं आधीच ठरलेलं आहे. कळंगुट, बागा, मांडवीतली बोट, परतीच्या वाटेवर मंगेशी-शांतादुर्गा आणि म्हापशाहून काजू. आपल्याला विचारतात ते फक्त जेवण कुठे चांगलं मिळतं म्हणून. तुम्हालाही असे फोन येतच असतील, जास्त काय सांगू?

माझं माहेर पेडणे तालुक्यातलं आणि सासर डिचोलीचं. या दोन तालुक्यांबद्दल मला इतक्या वर्षांत कुणी कधी काही विचारलं नव्हतं. पेडणे म्हणजे पत्रादेवीचा नाका. मुंबईची रात्रीची बस पहाटे तिथे पोहोचते आणि अर्धवट झोपेतला माणूस "आला वाटतं गोवा" म्हणून पुन्हा कुशीवर वळतो. डिचोली म्हणजे खाणी आणि लाल धूळ. बाहेरच्यांचं सोडा, मडगाव-वास्कोच्या आपल्याच किती लोकांनी नार्वे पाहिलंय, हात वर करा बघू! पण आता दिवस बदलले. मोपाच्या विमानतळाचं उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झालं, ५ जानेवारी २०२३ पासून विमानं ये-जा करू लागली, आणि जो तालुका गोव्याचं शेवटचं टोक होता तो एकाएकी पुढचा दरवाजा झाला.

माहेरच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या पाव्हण्यांसाठी काढायचं आता माझ्या भावजयीने ठरवलंय. होमस्टे म्हणतात तसं. भाऊ निवृत्त झाला, मुलं बाहेरगावी, घर एवढं मोठं, कौलं परतायची म्हटली तरी किती खर्च येतो! ती मला म्हणाली, "ताई, तूं बरयता मगे, पाव्हण्यांक कितें सांगपाचें तें एका कागदार बरोवन दी." लिहायला बसले तर एका कागदात मावेना. खोलीत लावायचा कागद वेगळा, त्यात न्हाणीघरातलं गरम पाणी आणि पंख्याचं बटण आहे. उरलेलं इथे लिहिते. तुमच्या पुण्या-मुंबईच्या मंडळींना खुशाल पाठवा.

आधी पोहोचण्याचं. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत आणि तिकीट काढताना दोघांनाही 'गोवा'च लिहिलेलं असतं. तिकिटावर जीओएक्स असेल तर मोपा, जीओआय असेल तर दाबोळी. पेडण्याला यायचं असून दाबोळीला उतरलात तर अख्खा उत्तर गोवा ओलांडून यावं लागेल. दीड-दोन तास गाडीत गेले म्हणून समजा. रेल्वेने येणार असाल तर पेडण्याचं स्टेशन मालप्याला आहे, पण सगळ्याच गाड्या तिथे थांबत नाहीत, आरक्षणाच्या वेळीच बघून घ्या. डिचोलीला स्टेशन नाही. थिवीला उतरायचं आणि अस्नोड्यावरून यायचं. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं आणि गाड्या सावकाश धावतात. जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी आलं, तेव्हा गाड्या रद्द करून आणि दुसऱ्या मार्गाने वळवून लोकांचे हाल झाले. तेव्हा पावसाळ्यात परतीच्या दुसऱ्याच दिवशी कुणाचं लग्न किंवा परीक्षा असेल तर एक दिवस हातात ठेवून निघा.

आता पाट्यांविषयी. आपल्या गावांची नावं पोर्तुगीजांनी आपल्या कानाने लिहिली आणि पाट्यांवर, नकाशांवर, तिकिटांवर तीच राहिली. शेवटचा अनुनासिक स्वर दाखवायला त्यांनी एक 'म' लावला आणि तो 'म' बाहेरून आलेला प्रत्येक माणूस स्पष्ट उच्चारतो. तेव्हा फोनमधली बाई 'पेर्नेम' म्हणाली की पेडणे समजायचं, 'बिचोलिम' म्हणजे डिचोली (कोकणीत दिवचल), 'सँक्वेलिम' म्हणजे साखळी, 'अरवलेम' म्हणजे हरवळे. एकदा एका पाव्हण्यांनी मला विचारलं होतं की साखळी आणि सँक्वेलिम यात अंतर किती? त्याहून गंमत केरीची. एक केरी पेडण्यात समुद्राकाठी, दुसरी सत्तरीत अंजुणे धरणाजवळ, तिसरी फोंड्यात. टॅक्सीवाल्याला नुसतं 'केरी' म्हणाल तर पोहण्याचे कपडे घेऊन डोंगरात पोहोचाल.

रस्ता विचारायचा तर माणसाला विचारा, पण उत्तर कसं ऐकायचं तेही सांगते. आमच्याकडे डावं-उजवं कमी, 'वयर' आणि 'सकयल' जास्त. सातेरीच्या देवळाकडून सकयल, वडाकडून वयर. आणि 'मातशें फुडें' हे अंतराचं माप नाही, तो धीर आहे. दोनशे पावलांनाही मातशें फुडें आणि तीन किलोमीटरलाही मातशें फुडें. असो.

आतल्या गावांना कदंबच्या आणि खाजगी बसेस जातात. सुटे पैसे जवळ ठेवा. फोनवरून पैसे आता गाड्यावरच्या भजीवाल्यालाही देता येतात, पण भरलेल्या बसमध्ये कंडक्टरला तेवढी सवड नसते. संध्याकाळ उलटली की आतल्या गावात बस मिळेलच असं धरून चालू नका. उतरतानाच शेवटची बस कधी ते विचारा. स्कूटर भाड्याने घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या, कुणाच्या तरी मेव्हण्याची पांढऱ्या पाटीची नको. डिचोलीच्या रस्त्यांवर आणखी एक पथ्य. खनिजाचे ट्रक एकामागून एक चालू असतील तर मध्ये घुसून पुढे जायची घाई करू नका. २०१२ साली खाणी थांबल्या, मग सुरू झाल्या, मार्च २०१८ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या, आणि लिलाव होऊन २०२४ मध्ये डिचोलीत परत काम सुरू झालं. इतक्या वर्षांत दोनदा उपाशी बसलेला ट्रकवाला आणि दोन्ही वेळा धूळ खाल्लेला गावकरी, दोघांशीही बोलून बघा. दोघंही खरं बोलतात आणि दोघांचं जुळत नाही. याच्याइतका डिचोलीचा परिचय दुसरा कुठला नाही.

दुपारी एक ते चार कुणाच्या दारी जाऊ नका. दुकानंही बंद असतात. याला आळस म्हणणाऱ्या पाव्हण्यांनी एप्रिलच्या उन्हात भाताला पाणी लावून बघावं. त्या वेळात तुम्हीही निजा. हवेत दमटपणा इतका असतो की घाम वाळतच नाही. सुती कपडे, डोक्यावर काहीतरी, आणि बाटलीतल्या रंगीत पाण्यापेक्षा भिरंडाचं सरबत. भिरंड म्हणजे तुमचं कोकम. पायात चटकन काढता येईल अशी चप्पल घाला. दिवसातून पाच देवळं आणि तीन घरं झाली की बुटाच्या नाड्यांचा जीव नकोसा होतो.

जेवणाबद्दल थोडक्यात. मासे न खाणाऱ्याला आमच्याकडे 'शिवराक' म्हणतात, हा शब्द पाठ करा, हॉटेलात उपयोगी पडेल. सोमवारी बऱ्याच हिंदू घरांत मासे शिजत नाहीत, श्रावणात तर नाहीच, तेव्हा घरगुती जेवण सांगताना वार बघा. जून आणि जुलै हे दोन महिने यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. तेव्हा ताटात 'ताजा' इसवण आला तर तो बर्फातून आलाय हे ओळखा. सकाळी उकड्या तांदळाची पेज मिळाली तर नाही म्हणू नका. मार्च ते मे हुर्राकाचे दिवस. फेणीपेक्षा सौम्य असं कुणी सांगेल, पण त्या सौम्यपणावर विसंबून स्कूटरवर बसू नका. आणि डोंगरावर बोंडू पिकलेले दिसले म्हणून पिशवी भरू नका. तो डोंगर कुणीतरी पावणीत बोली लावून वर्षापुरता घेतलेला असतो, त्याच्या घरचं वर्ष त्या बियांवर चालतं.

एक गंमत इथेच सांगून टाकते. कोस्टारिका-पनामाकडच्या प्रवासाची पुस्तकं वाचली की मला वाटतं हा आमच्याच परसाचा हिशेब लिहिलाय. तसाच पाऊस, तशीच लाल माती, तीच झाडं. वाटायचंच, कारण मिरची, पपई, पेरू, चिकू हे सगळे तिकडचेच, मेक्सिको ते मध्य अमेरिका या पट्ट्यातले. काजू आणि अननस त्याच्याही खालचे, ब्राझिलाकडचे. पोर्तुगीजांच्या गलबतांनी आणून टाकलं आणि आपण ते असं आपलं केलं की हरमलच्या मिरचीला भौगोलिक निर्देशनसुद्धा मिळालं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात उन्हाळ्यात ती दिसली तर घ्या. भाव ऐकून तोंड वाकडं करू नका.

पाहायचं काय, हा प्रश्न राहिलाच. पेडण्यात शिरताना पत्रादेवीला दहा मिनिटं थांबा. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहात इथे गोळीबार झाला. पंजाबातला तरुण शिक्षक कर्नेलसिंग बेनिपाल तिथेच पडला. गोवा त्याने त्याआधी पाहिला नव्हता, त्या दिवशीही नीट पाहिला नाही. पेडणे गावात भगवतीच्या देवळापुढचे दोन दगडी हत्ती पाहा. केरीहून फेरीने तेरेखोलला जा; गाव गोव्याचं, पण नदीच्या पलीकडे, महाराष्ट्राच्या अंगाला चिकटलेलं. किल्ला मुळात सावंतवाडीकरांचा, पोर्तुगीजांनी १७४६ मध्ये घेतला. फेरीच्या वेळा धक्क्यावरच विचारा, ओहोटीला थांबावं लागतं.

डिचोलीत मयेचं तळं सगळेच सांगतात, मी नार्वे सांगेन. सप्तकोटीश्वर हा कदंबांचा देव. आपल्या नाण्यांवर ते राजे त्याच्या वरप्रसादाची बिरुदावली कोरायचे. मूळ स्थान दिवाडी बेटावर. पोर्तुगीजांनी देऊळ पाडलं, तेव्हा भक्तांनी लिंग नदीपार नार्व्याला आणलं, आणि शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये तिथे देऊळ उभारायला लावलं. तसा शिलालेख दारावर आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत नूतनीकरण होऊन ते पुन्हा खुलं झालं. जायचं ते दिवाडीकडून फेरीने जा. देव ज्या वाटेने आला तीच वाट, आणि पेट्रोलही कमी लागतं. हरवळ्याची जांभ्या दगडातली लेणी आणि रुद्रेश्वर त्याच फेरीत होतात. शेजारचा धबधबा पावसाळ्यात भव्य असतो. तो लांबून बघायचा. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या धबधब्यात कुणाचं तरी पोर जातं आणि ते बहुधा पाव्हण्यांचं असतं. समुद्राचंही तेच. जीवरक्षकांनी लाल बावटा लावलेला असेल तर वाद घालू नका, आणि जून ते सप्टेंबर पाण्यात उतरूच नका.

बुधवारी डिचोलीचा बाजार भरतो. कुंभाराकडची मडकी तिथे मिळतात, चिरीमिरी देऊन कागदात गुंडाळून घ्या.

खरा प्रश्न जत्रांचा आहे, आणि इथे माझी लेखणी अडली.

आमच्याकडे सात बहिणींची कथा सांगतात. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई... आणि त्यातलीच एक म्हापशाची मिलाग्रीस सायबीण, चर्चमधली. शिरगावहून तिला तेल जातं आणि तिच्याकडून जत्रेला मोगरीची फुलं येतात अशी परंपरा सांगतात. मला ही कथा लहानपणापासून आपली वाटते, कारण मोरजाई माझ्या माहेरच्या तालुक्यातली आणि लईराई सासरच्या. वैशाख शुद्ध पंचमीला शिरगावला लईराईची जत्रा. हातात वेताच्या काठ्या घेतलेले हजारो धोंड, आधीचे दिवस व्रत, तळीवर आंघोळ आणि पहाटेच्या सुमाराला होमखणातल्या निखाऱ्यांवरून चालणं. पाव्हण्यांना हेच बघायचं असतं. मे २०२५ मध्ये त्या रात्री चेंगराचेंगरी झाली आणि भाविकांचे जीव गेले. त्या रात्रीनंतर मी कुणालाही "जत्रेला या" असं सरळ म्हणत नाही. म्हणते, जत्रेनंतर कौलोत्सवाचे दिवस असतात, देवीचा कळस घरोघरी जातो, तेव्हा या. गाव मोकळं असतं, माणसं बोलायला असतात, मोगरीचा वास अजून हवेत असतो. निखारे दिसणार नाहीत, त्याला माझा इलाज नाही.

कोजागिरीला पेडण्याची पुनव असते. तरंगं निघतात, अवसर येतो, 'भूत काढायला' लांबून माणसं आणतात. मला स्वतःला ते पाहवत नाही. ज्यांना आणलेलं असतं ती दुखणाईत माणसं असतात, त्यांना देवळापेक्षा डॉक्टरची गरज आहे असं माझं मत मी माहेरीही बोलून दाखवते आणि वडीलधाऱ्यांची बोलणी खाते. पण म्हणून कुणी पुण्याहून येऊन त्यांचे व्हिडिओ काढावेत आणि हसावं, हेही मला सहन होत नाही. पुनवेला फोन खिशात ठेवायचा. साळच्या गड्यांचंही तेच. होळीच्या वेळी डिचोली तालुक्यातल्या साळला तीन रात्री गडे पडतात. काळोखात, माळावर. तिथे विजेरी पेटवली किंवा फ्लॅश मारला तर त्या रात्रीला अर्थच उरत नाही. गावातल्या कुणाच्या तरी घरून जाता येत असेल तर जा. ओळख नसेल तर जाऊ नका, असं मी कागदावर लिहिलं. भावजय म्हणाली, "ताई, मागीर लोक येतले कित्याक?"

तिचं चुकत नाही. खोल्या भरायच्या तर काहीतरी दाखवायला हवं. आणि दाखवलं की काय होतं ते आम्ही हरमलला पाहिलंय. माझ्या लहानपणी हरमल हे रापणकारांचं गाव होतं. गोऱ्या पोरांनी किनाऱ्यावरच्या गोड्या पाण्याच्या तळ्याचा शोध लावला, मग त्यांच्यामागून खोल्या, खोल्यांमागून हॉटेलं. मोरजीला रशियन भाषेतल्या पाट्या लागल्या. भाड्याच्या पैशांवर पोरं शिकली, घरं पक्की झाली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय, ते नाकारणारी मी कोण? पण त्याच मोरजीला थंडीच्या दिवसांत कासवं अंडी घालायला येतात. ऑलिव्ह रिडले. वनखातं अंड्यांभोवती कुंपण घालून राखण करतं. कासवांना आवाज आणि उजेड चालत नाही, आणि त्याच किनाऱ्यावर रात्री गाणी आणि दिवे हवेत असा पाव्हण्यांचा आग्रह.

कोस्टारिकातल्या ओस्तिओनालला हेच कासव हजारोंच्या संख्येने एकदम येतं. तिथे पाव्हण्याने गावचा वाटाड्या घेतल्याशिवाय रात्री किनाऱ्यावर जायचं नाही असा नियम आहे, पांढरा उजेड चालत नाही, आणि वाटाड्याचे पैसे गावात राहतात. आमच्याकडे येणारी कासवं त्या मानाने फारच थोडी, तरी गावच्या माणसाला बरोबर घ्यायची सक्ती नाही. नियम होईल तेव्हा होवो. तोवर भावजयीच्या खोलीतल्या कागदावर मी लिहिलंय, "कासव बघायचं तर वनखात्याच्या माणसांना विचारून, त्यांच्याबरोबर, विजेरी न घेता. ते नको म्हणाले तर परत या." भावाने वाचून मान डोलावली.

एक जागा मात्र मी कागदात घातलीच नाही. आमच्या घरामागच्या डोंगराच्या पोटात एक झर आहे. आईला सासरी आल्यापासून पाणी तिथलं, आम्ही भावंडं उन्हाळ्यात तिथेच न्हायलो. दोन वर्षांपूर्वी वरचं भाट विकलं गेलं, बाहेरच्या कुणीतरी घेतलं, आणि पायवाटेवर लोखंडी फाटक आलं. कुलूप आहे, माणूस नाही. भाऊ पंचायतीत जाऊन आला. वाट जुनी आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, कागदावर ती कुठेच नाही. आता दुसऱ्या बाजूने, व्हाळातून, दगडांवर पाय देत जाता येतं. फोनवरच्या नकाशावर झरीची खूण नाही, आणि कुणी ती टाकू नये म्हणून मी गावाचं नावही इथे लिहिलेलं नाही. चार दिवस राहिलेला, ताट उचलून न्हाणीत नेऊन ठेवणारा पाव्हणा असेल तर भाऊ स्वतः घेऊन जाईल.

जमिनीविषयी पाव्हणे हमखास विचारतात. तिसऱ्या दिवशी, चहाच्या वेळी. "इथे एखादा प्लॉट मिळेल का हो?" मोपाच्या पठारावर आधी काजूची झाडं आणि गुरांची चरणी होती. झाडांवरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, मार्च २०१९ मध्ये पर्यावरण परवाना थांबला, जानेवारी २०२० मध्ये वाट मोकळी झाली. तेव्हापासून आमच्या बाजूला हा प्रश्न दिवसातून एकदा तरी कानी पडतो. याचं उत्तर भावजयीने स्वतःच शोधलंय. ती म्हणते, "भाड्याक कूड आसा. दर साला येयात." वर्षातून एकदा या, खोली आहेच.

२०२५ च्या सप्टेंबरात दोडामार्गाकडून ओंकार नावाचा हत्ती मोपा-तांबोसेच्या शेतांत उतरला आणि उभं भात तुडवून गेला, तेव्हा तोही बघायला गाड्या भरून लोक आले होते. हत्ती दिसला तर गाडी वळवा, एवढीच सूचना.

यायचं कधी म्हणाल तर मी मे महिना सांगणार नाही, नाताळ तर नाहीच. कार्तिक-मार्गशीर्षात या. भात कापून झालेलं असतं, विहिरींना पाणी असतं, पहाटे शाल लागते. डिचोलीचा नवा सोमवार कार्तिकातच. शांतादुर्गेची पालखी रात्रभर फिरते आणि ती जिथे थांबते तिथे गाण्याची बैठक. पेडण्यात गावोगावच्या जत्रा सुरू झालेल्या असतात आणि जत्रा म्हणजे दशावतार. नाटक बारा वाजता सुरू होईल असं कळलं तर साडेबारा-एकला जा. आधी संकासूर येतो, त्याला पोरं घाबरतात, मग आख्यान. पेटी, पखवाज, झांज, आणि संवाद जागच्या जागी रचलेले, तेही मराठीत, म्हणजे पुण्याच्या पाव्हण्यांना भाषांतर लागत नाही. बायकांच्या भूमिका पुरुष करतात; नऊवारीतली ती राणी सकाळी टेम्पोत सामान चढवताना दिसली तर ओळख दाखवा, त्यांना बरं वाटतं. बरोबर चटई, शाल आणि थर्मासात चहा न्या. खाजं तिथल्याच फेरीत घ्या, गरम असताना. पहाटे नाटक सुटल्यावर बस नसते, तेव्हा परतायची सोय आदल्या संध्याकाळीच बोलून ठेवा.

आणि खोलीसाठी फोन कराल तेव्हा दोन दिवस आधी करा. मासे खाता की शिवराक, तेवढं तेव्हाच सांगा.